'पऱ्हाटी' टाकली तर 'कपाशी' सापडत नाही : व्हेक्टर डेटाबेस लावावा की शब्दांची यादी करावी?

धुऱ्यावरचा

दारव्हा तालुक्यात आमचा शेतकरी गट आहे. सहा वर्षांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे सवाल-जवाब, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेची पत्रकं, बचत गटाच्या नोंदी, असं सगळं एका जागी टाकलं तर चार हजारांच्या आसपास नोंदी झाल्या. त्यात शोधायची सोय मीच करून दिली होती.

मागच्या हंगामात एका काकूंनी लिहिलं, "पऱ्हाटीचं फूल उमलत नाही, गुलाबासारखं मुडपून राहते." शोधात काहीच आलं नाही. आणि उत्तर तिथंच पडलेलं होतं : 'कपाशीतील डोमकळी. गुलाबाच्या कळीसारखी अर्धवट उमललेली फुले', म्हणजे गुलाबी बोंडअळी आत बसल्याची खूण. काकूंच्या वाक्यातला एकही शब्द त्या पत्रकात जसाच्या तसा नव्हता. बोंडअळी काही पत्रकाची भाषा शिकून येत नाही.

म्हणून या उन्हाळ्यात अर्थानं शोधायचं ठरवलं. अनेक भाषा समजणारं मल्टिलिंग्वल ई५, त्याचं सगळ्यात लहान मॉडेल घेतलं. ते प्रत्येक नोंदीचे ३८४ आकडे करून देतं, त्यालाच व्हेक्टर म्हणतात. ज्यांचा अर्थ जवळ, त्यांचे आकडेही जवळ. प्रश्नाचेही तसेच आकडे करायचे आणि कोणत्या नोंदीशी सगळ्यात कमी कोन होतो ते पाहायचं. आकडे ठेवायला पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजीव्हेक्टर ही जोडणी टाकली. सगळं जुन्या लॅपटॉपवर चालतं, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. काकूंचं वाक्य दिलं तर डोमकळीची नोंद दुसऱ्या नंबरवर आली.

माझं मत स्पष्ट आहे. खेड्यातल्या माणसासाठी शोध बांधायचा तर सुरुवात इथूनच करावी, शब्दाला शब्द जुळवण्याचे दिवस गेले. पटत नसेल तर लिहा.

कापूसकोंडा

नाही पटत. लिहितो.

चार हजार नोंदी, प्रत्येकीचे ३८४ आकडे, आकड्याले चार बाइट. गुणून पाहा भाऊ, सहा एमबी होतात. लग्नातले दोन फोटो याच्यापेक्षा जड असतात, आन् त्याच्यासाठी तुम्ही डेटाबेस मांडून बसले! एचएनएसडब्ल्यूसारखे इंडेक्स, म्हणजे लवकर शोधायच्या सूच्या, लाखो-कोटी नोंदींसाठी असतात. तिथं प्रत्येकाशी तुलना करणं परवडत नाही म्हणून अंदाजे जवळचं शोधून वेळ वाचवतात. तुमचं काम नम्पाय या पायथनच्या गणिती साधनातल्या एका गुणाकारात होते. एका एकरासाठी कोणी हार्वेस्टर घेते का?

दुसरं. मॉडेलले 'पऱ्हाटी' समजली असं वाटून राहिलं का तुम्हाले? 'फूल', 'उमलत नाही', 'गुलाब' यांनी काम केलं. नुसतं 'पऱ्हाटी' टाकून पाहा आन् इथं येऊन सांगा.

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, वावर म्हणजे शेत, डवरणी म्हणजे कोळपणी, ढेप म्हणजे पेंड, कुटार म्हणजे भुसा. अशी दोनशे शब्दांची यादी करा. एका दुपारचं काम आहे, आन् गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याले वाचून तपासता येते. तुमचे ३८४ आकडे कोण तपासणार?

धुऱ्यावरचा

टाकून पाहिलं. लपवत नाही. नुसत्या 'पऱ्हाटी'वर पहिला निकाल आला बचत गटाच्या नोंदीतला : ज्वारीचे पराठे.

कापूसकोंडा

😂 गरम आहेत तोवर खाऊन घ्या.

धुऱ्यावरचा

हसा. मॉडेल अनोळखी शब्दाचे तुकडे करतं आणि तुकड्यांवरून अंदाज बांधतं, तिथं ते फसलं. पण तुमच्या यादीचीही एक अडचण आहे. यादी शब्दाला शब्द लावते, आणि लोक शब्द विचारत नाहीत, जे दिसतं ते सांगतात. "पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या." हे तुडतुडे. "शेंड्याकडची पानं हाताला चिकट लागतात." हा मावा असू शकतो. यात यादीत घालायचा शब्द कोणता? 'चिकट'? मग डिंक्या झालेल्या संत्र्याच्या झाडाचं पत्रकही त्याच्यासोबत येईल. डेटाबेसचं मात्र मान्य, चार हजारांसाठी गरज नव्हती. नोंदी आधीच पोस्टग्रेसमध्ये आणून ठेवल्या होत्या म्हणून तिथंच एक रकाना वाढवला. इंडेक्स लावलेलाच नाही, पीजीव्हेक्टर इंडेक्सशिवाय सरळ सगळ्यांशी तुलना करतं.

फवारणीवाला

तुमच्या दोघांचं चालू द्या, पण माझा प्रश्न जिवाचा आहे. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आमच्या गावात अजून कोणी त्या पावसाळ्याचं नाव काढत नाही.

मी तुमच्यासारखाच शोध एका कृषी केंद्रवाल्या मित्रासाठी करून पाहिला होता. विचारलं, "ही दोन औषधं मिसळून मारू का?" वर आलेल्या दोन नोंदी : एकीत 'मिसळून फवारावे', दुसरीत 'एकत्र मिसळू नये'. शोध जवळीकीचे जे गुण देतो त्यांत फरक नावालाच. अर्थाच्या शोधाला या दोन्ही जुळ्या बहिणी वाटतात, कारण विषय एकच आहे. 'नये' हा केवढा मोठा शब्द आहे हे त्या आकड्यांना कळत नाही.

औषधाच्या नावाचंही तेच. प्रोफेनोफॉस विचारलं तर क्विनॉलफॉस पुढं येतं, दोन्ही 'फॉस', दोन्ही कीटकनाशक. मॉडेलच्या लेखी शेजारी. इथं मला शब्दाला शब्द जुळवणाराच शोध पाहिजे. माझं मत : औषध, प्रमाण आणि मनाई या तीन बाबतींत व्हेक्टर बंद ठेवा.

सरकी

सगळे टाइप करणाऱ्यांचाच विचार करून राहिले. माझी सासू बोलते. व्हॉइस नोट पाठवते, त्यात मागं बकरी ओरडते. आधी त्याचं काय ते पाहा.

बैलबंडी

मी मूळचा पुसदकडचा, आता पुण्यात हेच काम करतो. दोघांचंही थोडं चुकतंय.

धुऱ्यावरचा भाऊ, दोन गोष्टी तपासा. ई५ ला प्रश्नाच्या आधी 'क्वेरी' आणि नोंदीच्या आधी 'पॅसेज' अशी खूण लावावी लागते, इंग्रजीत, विसर्गासारख्या दोन टिंबांसकट. मॉडेल त्या खुणांवरच शिकलेलं आहे. ती लावली नसेल तर निकाल ढिला येतो. आणि गुणांवर भरवसा ठेवून 'अर्ध्याच्या वर असेल तर बरोबर' असा नियम केला असेल तर काढून टाका. या मॉडेलचे गुण बहुतेक ०.७ ते १ च्या मधेच फिरतात. त्याला क्रिकेटचा स्कोअर विचारा, तरी कपाशीचं एखादं पत्रक ०.७ च्या वरचे गुण घेऊन हजर होईल. तो शोध 'माहीत नाही' असं कधीच म्हणत नाही. 'माहीत नाही' म्हणायला त्याला वेगळं शिकवावं लागतं : तुमच्याच गटातले खरे प्रश्न घ्या, ज्यांचं उत्तर नोंदींत नाही असेही घ्या, आणि आपल्या डोळ्यांनी पाहून रेघ कुठं ओढायची ते ठरवा.

आता एक प्रश्न. जुना शोध कशावर चालत होता?

धुऱ्यावरचा

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, त्यातला एफटीएस५ हा शब्दशोध. आहे तसा लावला होता. क्वेरी-पॅसेज खरंच लावलं नव्हतं 🙏

बैलबंडी

तरीच. एफटीएस५ ची ठरलेली मांडणी देवनागरीचा काना-मात्रा अक्षरात धरत नाही. तिच्या लेखी 'कपाशी' म्हणजे 'कप' आणि 'श' असे दोन सुटे दाणे. म्हणजे तुम्ही ज्या शब्दशोधाला हरलेला म्हणता तो बिचारा लंगड्या पायानं धावत होता. त्यातच ट्रायग्रॅमची सोय आहे, तीन-तीन अक्षरांनी जुळवणारी. ती लावा आणि शोधताना शब्दाची शेपटी कापा. 'गुलाबासारखं' आणि 'गुलाबाच्या' यांत 'गुलाबा' सारखाच आहे, काकूंची नोंद त्यावरही सापडली असती. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटून येते, त्यामुळं इंग्रजीसाठी बांधलेला शोध इथं नेहमीच अर्धा आंधळा असतो.

मी काय करतो ते सांगतो. दोन्ही शोध चालवतो. प्रत्येक शोधाच्या निकालात नोंद कितव्या नंबरवर आली ते घेतो, त्यात ६० मिळवतो, त्यानं १ ला भागतो आणि दोन्हींची बेरीज करतो. २००९ पासूनची रीत आहे, जुनी आणि साधी. गुणांची भानगड राहत नाही, फक्त क्रमांक. दोन्हीकडं वर असलेली नोंद आपोआप वर येते.

कापूसकोंडा

म्हणजे शेवटी शब्दशोध लागलाच. एवढंच तर म्हणत होतो.

बैलबंडी

आणि तुडतुड्यांच्या प्रश्नाला व्हेक्टरही लागलाच. तेही म्हणा की.

गुरुजी_आर्वी

निवृत्त शिक्षक आहे, गावच्या वाचनालयाचं काम पाहतो. चुकल्यास सांभाळून घ्या.

जुनी पत्रकं कोणत्या फॉन्टातली आहेत ते पाहिलं का? आमच्याकडची बरीच कृतीदेव आणि श्रीलिपीतली आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण मजकूर उचलून दुसरीकडं चिकटवला की इंग्रजी अक्षरांची भेळ होते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व पहिल्या वेलांटीच्या जागा नजरेखालून घालाव्या लागतात. ज्याचं पत्रक वाचताच येत नाही त्याचा अर्थ कसा शोधणार?

धुऱ्यावरचा

गुरुजी, तुमचं वाचून आत्ता उघडून पाहिलं. पत्रकांचा एक अख्खा गठ्ठा तसाच आत गेलाय. आणि गंमत म्हणजे मॉडेलनं तक्रार केली नाही, त्या भेळेचेही ३८४ आकडे करून ठेवले. शब्दशोधानं निदान 'सापडलं नाही' असं तरी म्हटलं असतं.

फवारणीवाले दादा, तुमचं मान्य करतो. औषधाचं नाव प्रश्नात आलं की नोंदीतही तेच नाव असलं पाहिजे, ही चाळणी आधी लावीन. शिवाय उत्तर म्हणून मी काही रचून दाखवत नाही, मूळ पत्रकाचा तुकडा आहे तसा दाखवतो, तारखेसकट. आणखी एक चूक सापडली. लांब पत्रकाचे तुकडे केले तेव्हा वरचं 'सोयाबीन' एका तुकड्यात राहिलं आणि '१० लिटर पाण्यात' दुसऱ्यात गेलं. तो दुसरा तुकडा तुरीच्या प्रश्नावर निघाला. आता प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पिकाचं नाव पुन्हा लिहून मग आकडे करतोय.

फवारणीवाला

तरी मनाईचं राहिलंच. 'नये' असलेल्या नोंदी लाल रंगात वेगळ्या दाखवा. ते माणसानं हातानं निवडा, मॉडेलवर सोडू नका.

धुऱ्यावरचा

करतो. सरकी ताई, बकरीचं अजून काही सुचलं नाही.

सरकी

बकरी बांधून ठेवते.

कापूसकोंडा

बरं, भांडण झालं, आता काम. यादी मी सुरू करतो, ज्याले सुचेल त्यानं खाली जोडा. निंदण = खुरपणी. धुरा = बांध. रोही = नीलगाय. हे पाहाच, नाहीतर "रोही वावरात शिरते" म्हटलं की तुमचं मॉडेल एखाद्या पोरीची तक्रार समजून बसेल.

बैलबंडी

यादीत घालताना एक सांभाळा. 'पऱ्हाटी'तला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तरी ते एक होत नाहीत, स्वतः बदलून घ्यावे लागतात. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा सगळ्यांचं तेच.

गुरुजी_आर्वी

उलंगवाडी राहिली.

कापूसकोंडा

उलंगवाडी = शेवटचा वेचा.

गुरुजी_आर्वी

नव्हे हो. वेचा संपला, पऱ्हाटी उपटली, वावर मोकळं झालं, गुरं सोडली, सालदाराचा हिशेब झाला. ते सगळं मिळून उलंगवाडी.

कापूसकोंडा

मग बरोबरच्या चिन्हापुढं काय लिहू गुरुजी?

गुरुजी_आर्वी

तूर्त मोकळं सोडा.