ड्राइव्ह 'इनपुट फेज लॉस' दाखवतोय, मीटरवर मात्र तिन्ही फेज नीट. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री आहे. सँड मिक्सरची 15 एचपी मोटर ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) चालते. चार दिवस झाले, ड्राइव्ह 'इनपुट फेज लॉस' दाखवून बंद पडतोय. मिक्सर रिकामा असला तर दिवसभर फिरेल. वाळूत बेंटोनाइट (वाळू बांधणारी चिकणमाती) घालून पाणी मारलं, घाणा जड झाला की वीस-पंचवीस मिनिटांत ट्रिप. रीसेट केला की चालतो, पण पुढची ट्रिप आणखी लवकर.

मिक्सर थांबवून ड्राइव्हच्या इनपुटवर मोजलं: आर-वाय 412, वाय-बी 409, बी-आर 411 व्होल्ट. फ्यूज काढून बझर लावला, तिन्ही चांगले. मोटर मेगर केली (इन्सुलेशन तपासलं), स्वच्छ. (ती आउटपुटची बाजू, हे नंतर लक्षात आलं. हसू नका.) वायरमन 'ओंदु फेज इल्ला' (एक फेज नाही) म्हणत मीटर बॉक्सपर्यंत जाऊन आला, तिथंही तिन्ही दिवे लागलेले. शेजारच्या शेडमधली लेथ मशीनं तर बिनघोर चालली आहेत.

ज्यांच्याकडून ड्राइव्ह घेतला ते फोनवर म्हणाले, पॅरामीटरमध्ये जाऊन फेज लॉसचं प्रोटेक्शन बंद करा. काकांना पटलंय, कारण मोल्डिंगवाले बसून आहेत. माझं मन धजत नाही. काय करू?

प्रतिसाद:
प्रोटेक्शनला हात लावू नका. बरेच ड्राइव्ह फेज थेट मोजत नाहीत, डीसी बसवरची (एसीचं डीसी करून आत साठवलेल्या व्होल्टेजची) लहर बघतात. तिन्ही फेज असले तर ती सेकंदाला 300 वेळा आणि उथळ, एक गेला की 100 वेळा आणि खोल. लोड नसताना लहर खोल जातच नाही, म्हणून रिकामा मिक्सर फिरतो. प्रोटेक्शन बंद केलंत तर दोन फेजवरच सगळा करंट येईल. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटर दोन्ही मार खातील.

तुमचं 412-409-411 लोडशिवायचं आहे. कॉन्टॅक्ट जळका असला तरी करंट नसताना व्होल्टेज पूर्ण दिसतं, बझरही वाजतो. लोडवर टाँगटेस्टरने (वायरभोवती पकडायचा मीटर) तिन्ही फेजचे अँपिअर बघा. मग स्विच, फ्यूज, कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) यांच्या प्रत्येक पोलवर आत-बाहेर प्रोब लावून ड्रॉप मोजा. चालू पॅनलमध्ये हात घालायचाय, तेव्हा वायरमनलाच करू द्या. सगळे पोल सारखे निघाले तर बसचे कपॅसिटर बघावे लागतील. पण ड्राइव्ह उघडण्याआधी सप्लाय बंद करून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि प्लस-मायनसवर मोजून खात्री करा.

मूळ धागाकर्ता:
सापडलं! घाणा भरून मोजलं. आर आणि वायवर 24-25 अँपिअर, बीवर जेमतेम 8. कॉन्टॅक्टरच्या बी पोलवर सुरुवातीला 3 व्होल्ट ड्रॉप, तापत गेला तसा वाढला, मग आकडा नाचायला लागला आणि ट्रिप. बाकी दोन पोलवर मिलीव्होल्टच. मेन बंद करून कॉन्टॅक्टर उघडला तर बीचा हलता कॉन्टॅक्ट काळा, टोक खड्डे पडून झिजलेलं, आणि आत वाळूची बारीक भुकटी. पॅनलचं दार फॅनसाठी म्हणून आम्हीच उघडं ठेवायचो.

नवा कॉन्टॅक्टर बसवला. आज सकाळपासून सलग चार घाणे निघाले, करंट 19-20-19. आता एकच विचारतो: दार बंद ठेवलं तर ड्राइव्ह तापतो. एवढ्या वाळूत फिल्टरवाला फॅन टिकतो का, की पॅनलच भिंतीपलीकडे न्यावं?