जुनी पिकअप घेऊन भाडी मारायची आहेत, सुरुवात कशी करू?

प्रश्न (रावेर): केळी, भाजीपाला, जळगावपर्यंतची भाडी. कागदपत्रं काय लागतील? भाडं कसं धरू?

उत्तर (जळगाव): भाऊ, आधी आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं) मालासकट एकूण वजन बघा. 3000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. पिवळी नंबर पाटी, फिटनेस सर्टिफिकेट, विमा, पीयूसी हवंच. गाडी 8 वर्षांवरची असेल तर फिटनेस दरवर्षी.

उत्तर (सावदा): केळीला हौद्यात खाली आणि फाळक्यांना (हौद्याच्या बाजूच्या फळ्यांना) लागून पाला भरपूर लावा. घड पत्र्याला घासला की साल काळी पडते, व्यापारी तेवढे पैसे कापतो. जास्त माल भरूच नका, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटतात.

उत्तर (धुळे): डिझेल जाऊन-येऊन धरा, परतीचा माल मिळाला तर तो वरचा. हमाली आणि खोटीचे (गाडी थांबून राहिली तर त्याचे) पैसे माल भरण्याआधीच बोलून घ्या.