एटीके मोहन बागान: विलीनीकरण की नावावर कब्जा?

हिरवा_मरून
काल इथे एकाने लिहिलं, "२०२० मध्ये एटीकेने हात दिला नसता तर मोहन बागान शेवटच्या घटका मोजत असता. नावातल्या 'ATK' या तीन अक्षरांसाठी एवढी रडारड कशाला?" डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बागान हा कोलकात्याचा १८८९ चा फुटबॉल क्लब, एटीके तिथलीच २०१४ ची टीम. जानेवारी २०२० मध्ये विलीनीकरणाचा करार जाहीर झाला: नव्या क्लबचा ८० टक्के हिस्सा एटीकेच्या मालक आरपीएसजी समूहाकडे, २० टक्के बागानकडे. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, बागानने चार फेऱ्या शिल्लक असतानाच आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा खिशात घातली. याला शेवटच्या घटका म्हणतात?

मी तेव्हा कोलकात्यात भाड्याने राहायचो. घरमालक काका पक्के बागानवाले. डर्बी, म्हणजे ईस्ट बंगालविरुद्धची मॅच, जिंकली की घरात कोळंबी शिजणार, हे ठरलेलं. नवी जर्सी आली तेव्हा काकूंनी त्या तीन अक्षरांवर मरून कापडाचा तुकडा शिवला, अगदी बारीक टाके घालून. २७ नोव्हेंबर २०२० ला ईस्ट बंगालला २-० हरवलं ते काकांनी तीच जर्सी घालून पाहिलं. जिंकूनही माणूस गप्प बसला होता हो.

हिशेबनीस
काकांबद्दल आदर आहे, पण भावनेवर क्लब चालत नाही. आय-लीग जिंकून काय मिळणार होतं? २०१९-२० पासून देशाची अव्वल लीग आयएसएल (इंडियन सुपर लीग) झाली होती. तिथे शिरायला पैसा लागतो, तो कोण देणार होतं? आणि हिरवा-मरून रंग राहिला, बोधचिन्हातली शिडाची होडी राहिली. बंद झाली ती एटीके, तीन वेळा आयएसएल जिंकलेली. तिच्यासाठी कोणी रडलं का?
शिवाय १९९८ मध्ये प्रायोजकामुळे नाव 'मॅकडॉवेल मोहन बागान' झालं होतं, ते कसं चाललं?

हिरवा_मरून
प्रायोजकाचं नाव करार संपला की जातं. इथे नाव मालकाचं होतं. १९११ मध्ये अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड आणणाऱ्यांचा वारसा ८०-२० मध्ये कसा वाटणार?

जुनी_कात्रणं
सगळे अनवाणी नव्हते! सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट होते. त्या विजयाच्या तारखेला, दर २९ जुलैला, हीच चूक वाचून कंटाळा आलाय.

कूपरेजवाला
तुमचं नाव तरी राहिलं. आमच्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लबच बंद. कूपरेज मैदानावर वडिलांच्या खांद्यावर बसून मी जीपमेनच्या (महिंद्राचं टोपणनाव) मॅच पाहिल्यात. विलीन व्हायलासुद्धा कोणी विचारलं नाही. कोणाला आठवतंय का?

बालेवाडीकर
मला आठवतंय. आणि पुण्याचं काय? पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरी आली, पुढे वरिष्ठ संघ गुंडाळला. त्याआधीच एफसी पुणे सिटी आली होती, २०१९ मध्ये तीही गेली, तिच्या जागी हैदराबाद एफसी. मुलाला बालेवाडीला न्यायचो. हैदराबादची पहिली मॅच लागली तेव्हा त्याने विचारलं, "आपली टीम कुठे गेली?" काय सांगणार होतो?

हिशेबनीस
बघा, मी हेच म्हणतोय! पैसेवाला नसला की हेच होतं.

कूपरेजवाला
चुकताय साहेब. पैसेवाले होतेच, उठून गेले. मागे सभासद नव्हते, म्हणून कोणी अडवलं नाही. बागानवाले रस्त्यावर उतरले, 'एटीके हटवा' म्हणत तीन वर्षं भांडले. आपण पुण्या-मुंबईत काय केलं?

बालेवाडीकर
आम्ही काय करायला हवं होतं? मालकाच्या दारात बसायचं? तिकीट काढून गेलो, एवढंच हातात होतं. उगाच दोष देऊ नका.

कूपरेजवाला
तुम्हाला एकट्याला नाही म्हणालो. मीही घरीच बसलो होतो, त्याचाच राग आहे.

हिशेबनीस
बरं, एक मान्य. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला पेनल्टींवर हरवल्यावर आरपीएसजीच्या गोएंकांनी नाव बदलायचं जाहीर केलं, ते चाहत्यांच्या रेट्यामुळेच. पण ती ट्रॉफी त्यांच्याच पैशाने आली, एवढं तरी लिहा.

हिरवा_मरून
लिहितो. पैसा त्यांचा होता. पण नाव झालं 'मोहन बागान सुपर जायंट', आणि ते 'सुपर जायंट'चं शेपूट गोएंकांच्याच लखनौच्या क्रिकेट संघालाही आहे. काकूंनी मात्र नाव बदललं त्या जून महिन्यातच जुन्या जर्सीवरचा तुकडा उसवायला घेतला. काका म्हणाले, राहू दे.