पहिले बालपुस्तक आणि ‘अजून थोडे बरे व्हायला हवे’ : अनुभव धागा

हा धागा सुरू करण्यामागे एक निरीक्षण आहे. मुलांसाठी पहिले पुस्तक करायला घेतलेली माणसे कल्पना सुचत नाही म्हणून क्वचितच अडतात. गोष्ट लिहून झालेली असते, चित्रांची कच्ची मांडणीही ठरलेली असते आणि तरी पुस्तक पुढे सरकत नाही. कारण प्रत्येक वाचनात काहीतरी उणे जाणवते आणि ते उणे पुस्तकात आहे की आपल्यात, हेच कळेनासे होते. या अवस्थेतून जाताना तुम्ही नेमके काय केलेत आणि त्याने काय बदलले, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. ज्यांचे पुस्तक अजून अपुरे आहे, त्यांनीही अवश्य लिहावे. सुरुवात मी करते.

माझी अडचण शब्दांची होती. लहान मुलांच्या चित्रपुस्तकात मजकूर फार थोडा असतो, बहुधा ५०० शब्दांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कादंबरीत एखादे वाक्य सैल राहिले तरी पुढच्या ओघात खपून जाते; येथे एका पानावर एकच वाक्य असते आणि सगळी नजर त्याच्यावरच पडते. ‘पिल्लू घाबरले’ हे वाक्य मी ‘पिल्लाला भीती वाटली’ असे केले, मग ‘पिल्लाच्या छातीत धडधडू लागले’ असे केले आणि पुन्हा पहिल्यावर आले. दर वेळी वाटे, खऱ्या लेखकाला हे एका बैठकीत सुचले असते. यातून एका प्रश्नाने मला बाहेर काढले : या पानावर चित्र काय सांगणार आहे? पिल्लाचे कान मागे पडलेले आणि शेपटी पायांत दडवलेली दिसणार असेल, तर भीतीचे वाक्य लागतच नाही. मी ते काढून टाकले आणि तेथे पिल्लाला ऐकू आलेला आवाज तेवढा ठेवला. मजकूर चित्राशेजारी मांडून वाचू लागल्यावर वाक्य चांगले की वाईट हा प्रश्न मागे पडला. या पानावर ते हवे की नको, एवढेच ठरवायचे राहिले, आणि ते ठरवता येते.

प्राथमिक वर्गांना शिकवलेल्या एक लेखिका :

वर्गात अनेक वर्षे गोष्टी सांगितल्या असल्यामुळे लिहिताना भीती वाटणार नाही, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात उलट झाले. सांगताना कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, हे समोरच्या चेहऱ्यांवरून कळते. कागदापुढे बसले की समोर कोणीच नसते आणि त्या रिकाम्या जागी मी स्वतःच परीक्षक होऊन बसत असे. पहिल्या पानावर इतका हात फिरला, की त्यातला बोलण्याचा सूरच निघून गेला.

शेवटी हस्तलिखित मी दुसऱ्याच्या हाती दिले. ‘आवडले का’ असे कोणालाही विचारायचे नाही, हे आधीच ठरवले होते, कारण ओळखीची माणसे ‘छान आहे’ असेच म्हणतात आणि त्या उत्तराने मनातली शंका तसूभरही हलत नाही. त्यांनी मुलांना गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी मागे बसून केवळ पाहायचे, असे ठरले. वाचणाऱ्याची जीभ जेथे अडखळली, तेथे मी खूण करत गेले. एका ओळीत ‘स्वच्छ’, ‘निरभ्र’ आणि ‘क्षितिज’ हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ आले होते. मनात वाचताना मला ती ओळ पुस्तकातली सर्वांत देखणी वाटत असे; पण मोठ्या माणसालाही ती एका दमात म्हणता आली नाही, मग नुकतेच वाचायला लागलेल्या मुलाला अशी ओळीने आलेली जोडाक्षरे कशी झेपावीत? मुले कुठे चुळबुळली, हे मी वेगळे टिपून घेतले. ज्या पहिल्या पानात माझा सगळा जीव अडकला होता, त्याच्याबद्दल कोणी चकार शब्दही काढला नाही. गोष्ट सैल पडत होती ती मध्यावर, जेथे खार प्रत्येक प्राण्याला तोच प्रश्न विचारत फिरते. पुनरावृत्ती मुलांना प्रिय असते, मात्र दर फेरीला त्यात काहीतरी नवे मिसळावे लागते, आणि माझ्या खारीच्या फेऱ्यांत तसे काही घडत नव्हते. याउलट जी ओळ मी सहज लिहून पुढे गेले होते, ती दुसऱ्या वाचनात मुले वाचणाऱ्याच्या आधीच म्हणू लागली.

स्वतःबद्दलची शंका त्या दिवशी संपली, असे मी म्हणणार नाही. मात्र तेव्हापासून ती पानाचा क्रमांक सांगू लागली. ‘मला लिहिता येत नाही’ यावर काहीच करता येत नाही. ‘अकराव्या पानावर मुले उठून जातात’ यावर करता येते.

एक चित्रकार :

संगणकावर चित्रे काढणाऱ्यांचा एक त्रास सविस्तर सांगण्यासारखा आहे. पडद्यावर चित्र हवे तेवढे मोठे करता येते आणि चौपट मोठ्या केलेल्या डोळ्याची कड कधीच निर्दोष दिसत नाही. त्या कडेवर संध्याकाळ सहज निघून जाते. मूल पुस्तक मांडीवर घेते तेव्हा तोच डोळा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. म्हणून मी समोरासमोरची दोन-दोन पाने खऱ्या आकारात छापून घेतली, कापून आणि टाचून पुस्तकाची डमी केली आणि हातभर अंतरावरून जो दोष दिसत नाही, तो दुरुस्त करायचा नाही असा नियम स्वतःला घालून दिला. डमीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी पडद्यावर दिसण्याचा प्रश्नच नव्हता : दोन पानांच्या मधल्या घडीत माझ्या हत्तीची सोंड गडप होत होती. वेळ खर्च करायचा तो अशा ठिकाणी.

दुसरी अडचण पुस्तक करता करता हात सुधारतो यातून येते. शेवटचे चित्र पहिल्यापेक्षा सरस उतरते, मग पहिले पुन्हा काढावेसे वाटते, ते काढले की दुसरे फिके दिसू लागते आणि या फेऱ्याला अंत राहत नाही. एका अनुभवी चित्रकाराच्या सूचनेवरून मी अंतिम चित्रांना मधल्या पानांपासून हात घातला आणि सुरुवातीची व अखेरची पाने सर्वांत शेवटी केली. हातातला फरक त्यामुळे पानांच्या क्रमाने दिसत नाही आणि पुस्तक उघडताच जे पान समोर येते, त्याला सरावलेला हात मिळतो.

एखादी वस्तू काढता येत नाही म्हणून स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायला जे कचरतात, त्यांच्यासाठी एक हकिकत. अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या गाजलेल्या चित्रपुस्तकात मुळात रानटी घोडे येणार होते. घोडे आपल्याला नीट काढता येत नाहीत, हे जाणवल्यावर त्यांनी तेथे स्वतः कल्पिलेले अक्राळविक्राळ प्राणी आणले. माझ्या गोष्टीत सायकलींची शर्यत होती. ती आता धावण्याची शर्यत झाली आहे आणि पायांच्या हालचालींमुळे ती पाने अधिक जिवंत झाली, असे माझे प्रामाणिक मत आहे.

समुपदेशन क्षेत्रातील एक लेखिका :

मानसशास्त्रज्ञ पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन पैलू मांडले : आपण स्वतःकडून ठेवतो ती अपेक्षा, इतरांकडून ठेवतो ती अपेक्षा, आणि इतरांना आपल्याकडून निर्दोष कामच हवे आहे ही आपली समजूत. यातला तिसरा पैलू मनात ठेवून, हस्तलिखित वाचताना कोणाकोणाचे चेहरे डोळ्यांपुढे येतात, याची मी एकदा यादी केली. तिच्यात सगळी मोठी, साहित्य जाणणारी माणसे होती. एकही मूल नव्हते. त्यानंतर मी प्रत्येक खर्ड्याच्या डोक्यावर वाचकाचे वय लिहू लागले.

(धागा सुरू करणारी म्हणून मध्येच सांगते : हा अनुभव सर्वांत लहान असला तरी मला तो फार मोलाचा वाटतो. अशी यादी प्रत्येकाने एकदा करून पाहावी.)

स्वतः पुस्तक छापून घेतलेले एक लेखक :

मला तांत्रिक मर्यादांनी आधार दिला. मोठ्या कागदावर अनेक पाने एकत्र छापून त्याची घडी घातली जाते, म्हणून पृष्ठसंख्या आठच्या किंवा सोळाच्या पटीत ठेवणे सोयीचे असते, आणि चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची होतात. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या मिळतात. मला सतत नवे प्रसंग घालावेसे वाटत; पण नवा प्रसंग हवा तर जुना कोणता काढणार, हे सांगावे लागू लागल्यावर ती हौस आपोआप आवरली.

जेथे काटेकोर राहायचे ते मात्र सोडू नये. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि छपाईचे चार शायांचे, त्यामुळे झगझगीत हिरवा आणि निळा कागदावर मंद उतरतात. नमुना प्रत हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नये. कडेपर्यंत जाणारी चित्रे कापणीसाठी साधारण ३ मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवावीत. शेवटचे प्रूफ अशा व्यक्तीकडून वाचून घ्यावे, जिने गोष्ट आधी पाहिलेली नाही. चिकित्सक स्वभावाला असे नेमके काम दिले, की तो गोष्टीच्या प्रत्येक ओळीवर पहारा देत बसत नाही.

इंग्रज लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटर यांची पीटर रॅबिट या सशाची गोष्ट १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पाठवलेल्या सचित्र पत्रातून सुरू झाली. प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यांनी १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या, ज्यांतील कथाचित्रे कृष्णधवल होती; रंगीत चित्रांची आवृत्ती प्रकाशकाकडून १९०२ मध्ये निघाली. हा क्रम समजल्यावर मी पहिली छपाई मोजक्या प्रतींची ठेवली आणि सुधारणांची वही दुसऱ्या आवृत्तीसाठी वेगळी केली.

पुस्तक अपुरे असलेली एक लेखिका :

माझी गोष्ट आजीच्या मृत्यूबद्दल आहे, त्यामुळे माझी शंका वेगळ्या जातीची आहे. वाक्य सुबक नसले तरी चालेल, पण त्याने मुलाच्या मनात भलतेच काही रुजता कामा नये. पहिल्या खर्ड्यात आजी ‘शांत झोपली’ असे होते. लहान मुले असे बोलणे शब्दशः घेतात आणि मग त्यांना स्वतःच्या झोपेची धास्ती वाटू शकते, हे बालमानसशास्त्राच्या जाणकारांकडून समजल्यावर मी तेथे ‘आजी मेली, तिचे शरीर आता काम करत नाही’ असे सरळ लिहिले. ही शंका मी गप्प केली असती, तर ते वाक्य तसेच राहिले असते. म्हणून या धाग्यावर सांगावेसे वाटते, की प्रत्येक शंकेला आत्मविश्वासाचा अभाव समजू नये. जी शंका मुलाची काळजी करते तिचे ऐकावे, आणि जी केवळ माझ्या नावाची काळजी करते तिला थांबवून ठेवावे. दोन्ही एकाच आवाजात बोलतात, त्यामुळे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते.

सध्या मी शेवटच्या दोन पानांवर आहे. एका खर्ड्यात नातू आजीचा चष्मा खणात ठेवतो, दुसऱ्यात तो चष्मा लावून तिचे अर्धे राहिलेले विणकाम पाहतो. पहिला शेवट मला पटतो, दुसऱ्यात मुले हसतील असे वाटते, आणि या जागी हसू आलेले चालेल का, हे मला ठरवता येत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांना अशा विषयावरची गोष्ट वाचून दाखवली असेल, तर ती मुले शेवटी काय विचारतात, हे कृपया येथे लिहावे.