डॅशबोर्ड आणि डोअरपॅडला पुन्हा रंग द्यायचाय, आधी तयारी काय करू?

जुनीगाडी: डॅशबोर्डचं व्हिनाइल उन्हानं पांढुरकं पडलंय. खालच्या प्लास्टिक पट्ट्यांवर आधीच्या मालकानं मारलेला काळा स्प्रे नख लावलं तरी पापुद्र्यांसारखा सुटतोय. सगळं राखाडी करायचंय. सरळ प्रायमर मारून रंग दिला तर चालेल का?

रंगकाम: सरळ प्रायमर अजिबात नको. आधी पट्टी खोलून मागची बाजू बघा, तिथे प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं साच्यातच उठलेली असतात. एबीएस असेल तर काम सोपं. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर त्यावर साधा रंग धरतच नाही, आणि तुमचे पापुद्रे बघता बहुधा तेच असणार. त्याला रंगाआधी अ‍ॅडहेजन प्रमोटरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, एक पातळ हात लागतो. तो दिल्यावर किती वेळात रंग मारायचा हे डब्यावर दिलेलं असतं, ते पाळाच.

पण सगळ्यात जास्त कामं बिघडवतं ते डॅशबोर्ड पॉलिश. त्यातलं सिलिकॉन पृष्ठभागावरच्या बारीक दाण्यांच्या खाचांत बसून राहतं आणि रंग पडल्या पडल्या तिथून बाजूला सरकतो, गोल गोल खळगे दिसतात. म्हणून घासकाम नंतर, धुणं आधी. नाहीतर तेच सिलिकॉन तुम्ही ओरखड्यांत भरता. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. त्यानंतर राखाडी स्कफ पॅड (घासायची खरखरीत जाळी) हलक्या हातानं फिरवा, दाणा बुजता कामा नये.

व्हिनाइलला व्हिनाइलचाच लवचीक रंग द्या, साधा स्प्रे ऊन लागलं की तडकतो. अगदी पातळ हात द्या. पहिल्या हातानंतर खालचा रंग दिसत राहिला तर ते बरोबरच आहे.

जुनीगाडी: जुना काळा रंग अ‍ॅसिटोननं काढू का?

रंगकाम: एबीएसवर चुकूनही नको, प्लास्टिकच विरघळतं. सुटतोय तेवढा खरवडा, उरलेल्याच्या कडा ६०० नंबरच्या पेपरनं पाण्यात घासून सपाट करा. बोटाला कड लागली म्हणजे रंगानंतर ती दिसणारच.

चाक_आणि_चावी: एक राहिलं. एअरबॅगच्या झाकणाला हात लावू नका, एअरबॅग फुगताना ते ठरलेल्या रेषेवर फाटावं लागतं. आणि डॅशबोर्डचा वरचा भाग मॅटच ठेवा, चमक काचेत उमटते आणि समोरचा रस्ता नीट दिसत नाही.

रंगकाम: अगदी बरोबर. आणि दमट दिवशी रंगकाम काढू नका, रंगावर पांढरी झाक येते.