मान धरली, मोडली, सुटली: आपापले अनुभव लिहा

अवघडलेली: तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठले तर मान डावीकडे वळेना. रस्ता ओलांडताना अख्खं अंग फिरवून गाडी बघायची. मैत्रीण म्हणते कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मान-पाठ मोकळी करणाऱ्याकडे) जा, आई म्हणते मिठाच्या पुरचुंडीने शेक. रील्समधला तो 'कट्' आवाज ऐकूनच पोटात गोळा येतो. कुणी गेलंय का? फरक पडला नसेल तरी लिहा.

एडिसनकर: मी गेलो, इथे न्यू जर्सीत. इथे त्यांना राज्याचा परवाना लागतो. पहिल्या दिवशी मान मोडलीच नाही! नुसते प्रश्न, छोट्या हातोडीने कोपरावर टकटक, मुठीची ताकद बघणं. दुसऱ्या वेळी झटका दिला. लगेच हलकं वाटलं, रात्री मात्र ठणकलं. चौथ्या खेपेनंतर गाडी रिव्हर्स घेताना मागे बघता यायला लागलं. मग त्यांनी चोवीस खेपांचं पॅकेज पुढे केलं. मी सहावर थांबलो. हनुवटी सरळ मागे ओढायचा व्यायाम शिकवला होता, तो अजून करतो.

सांगलीचा पाटील: आमचा कायरोप्रॅक्टर म्हणजे न्हावी. कटिंग, चंपी, मग मान इकडे कडकड, तिकडे कडकड. वीस वर्षं मजेत करून घेतलं. एकदा खुर्चीतून उठलो आणि दुकान गरगर फिरलं, उलटी झाली. डॉक्टरांनी झाप झाप झापलं. मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात म्हणे. झटक्याने आतलं अस्तर फाटलं तर लकवा. असं क्वचित होतं, पण होतं. माझं निभावलं. आता कात्री हातात घ्यायच्या आधीच सांगतो, 'मानेला हात नाही लावायचा.'

शंकेखोर: हे कायरोप्रॅक्टरांचं शास्त्र १८९५ मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्टला सुरू झालं. पामर नावाच्या गृहस्थाने एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी कथा. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

फिजिओताई: शंकेखोर, कान सोडा, मानेपुरतं बोलू. साध्या अवघडलेल्या मानेला मॅनिप्युलेशनने, म्हणजे हाताने दिलेल्या झटक्याने, थोड्या दिवसांचा आराम मिळू शकतो, जोडीला व्यायाम असेल तर जास्त. 'कट्' आवाज सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. हाताची पकड सैल पडणं, चालताना तोल जाणं, ताप, अपघातानंतरचं दुखणं, ठिसूळ हाडं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. आणि महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे. कायरोप्रॅक्टर शोधताना त्याची पदवी कुठली, हे स्वतःच विचारा.

खडूवाली: माझा अनुभव उलटाच. अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या, फळ्यावर लिहिताना खडू गळायचा. पुण्यात एका कायरोप्रॅक्टरकडे गेले, तर त्याने तपासून मानेला झटका द्यायला चक्क नकार दिला! 'आधी एमआरआय.' पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती नसेवर दाबत होती. तीन महिने फिजिओ, शस्त्रक्रिया टळली. ज्याने काहीच केलं नाही, त्याचे पैसे देताना मला सगळ्यात कमी वाईट वाटलं.

अवघडलेली: खडूवाली, त्या कायरोप्रॅक्टरचं नाव-पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? तोवर पुरचुंडी चालू आहे.