उतारा खणखणीत वाचतो, पण अर्थ सांगता येत नाही

प्रश्न (जि.प. शिक्षक, बीड)
पाचवीतला मुलगा उतारा न अडखळता वाचतो, पण त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. पोळ्याबद्दल तोंडी रंगवून सांगतो. निबंधात मात्र दोन ओळी, त्याही अर्धवट. फळ्यावरून उतरवताना शब्द गाळतो. आळस म्हणावा की भाषेचीच अडचण?

उत्तर (विशेष शिक्षिका, लातूर)
सर, आळस म्हणून सोडून देऊ नका. तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न तोंडी विचारा. ऐकून जमलं, तर त्याची ताकद बहुधा अक्षरं जुळवण्यातच संपतेय. नाही जमलं, तर वाक्यं तोडून लहान करा. मग जमलं, तर अडचण बहुधा कार्यस्मृतीची, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘पाऊस लांबल्यामुळे दुबार पेरणी करावी लागलेल्या शेतकऱ्यांना...’ पुढं काय झालं हे कळेपर्यंत एवढं सगळं धरून ठेवावं लागतं. म्हणून लांब वाक्यात पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारा आणि दोन-तीन वाक्यांनी थांबवून त्याच्या शब्दांत सांगायला लावा.

निबंधात मुद्दा, क्रम, वाक्य, वेलांटी सगळं एकदम सांभाळावं लागतं. ते सुटं करा. चार चिठ्ठ्या: खांदेमळणी, सजावट, मिरवणूक, पुरणपोळी. त्यानंच त्या क्रमानं लावायच्या. एक उचलायची, पूर्ण वाक्य मोठ्यानं म्हणायचं, मग लिहायचं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल अवाक्षर नको! तपासणी नंतर: एका फेरीत फक्त क्रियापद आणि पूर्णविराम, दुसरीत वेलांटी-उकार.

उत्तर (भाषा शिक्षक, परभणी)
मॅडमच्या चिठ्ठ्या बऱ्याच वर्गांत फसतात, कारण जरा जमलं की एकदम बंद करतात. चाराच्या दोन करा, मग चिठ्ठ्या त्यालाच लिहू द्या.

फळ्याऐवजी मजकुराचा कागद वहीशेजारी ठेवा, ओळीखाली पट्टी. दोन-तीन शब्द पुटपुटत उतरवायचे. सूचना एका वेळी एकच.

लहान वाक्यंही कळत नसतील, तर शब्दसंग्रह बघा. ऊसतोडीमुळे शाळा बुडाली का? तांड्यावरचं लेकरू असेल तर गोष्ट गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत सांगू द्या. तिथं क्रम नीट असेल, तर मराठी शब्द वाढवायचे आहेत. डोळे-कान तपासून घ्याच.

प्रश्नकर्ता
परीक्षेत सवलत मिळेल का?

विशेष शिक्षिका, लातूर
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे. सवलतीला प्रमाणपत्र लागतं. रेघा आणि चिठ्ठ्यांना लागत नाही, त्या उद्यापासून सुरू करा.